मिनिटांऐवजी मॅच मोजल्या

मे महिनाभर आमची दोन्ही मुलं रात्री बारापर्यंत मोबाइलवर. थोरला सातवीत जाणार, धाकटा चौथीत. गेल्या वर्षी शाळेचा पहिला आठवडा सकाळच्या रडारडीतच गेला होता. एकदा मी हातातून फोन हिसकावला, तर थोरला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. ते मनाला फार लागलं.

यंदा १ जूनपासूनच सुरुवात केली. झोपायची वेळ दर दोन दिवसांनी वीस मिनिटं अलीकडे आणली. शाळा उघडेपर्यंत पावणेदहावर आली.

खरी अडचण मला थोरल्याशेजारी बसून खेळ पाहिल्यावर कळली. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही. आपण ‘ठेव आता’ म्हणतो, तेव्हा तो निघाला की त्याचे साथीदार हरतात. मुलगा हट्टी नव्हता, त्याला मित्रांना तोंडघशी पाडायचं नव्हतं! मग मिनिटांची मर्यादा सोडली आणि गृहपाठानंतर दोन मॅच ठरवल्या. फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमध्ये रात्रीचं लॉक लावलं, पण साडेआठची वेळ मुलांनीच निवडली.

सगळ्यांचे चार्जर स्वयंपाकघरात हलवले. ‘बाबांचा पण?’ धाकट्याने विचारलं. हो, बाबांचा पण. गजरासाठी साधं घड्याळ आणलं. पावसाने मैदान बंद असलं की कॅरम निघतो.

रविवारचं गणित अजून जमलेलं नाही. पण सोमवारी धाकटा हाक न मारता उठतो.