चकमकीच्या बंदुकीचं लॉक उघडताना या चुका टाळा

जुन्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा अडकला की बहुतेकांचा हात थेट कानशीकडे जातो. सगळ्यात मोठं नुकसान तिथंच होतं. कारागिरानं हातानं घासून बसवलेला खाचेचा कोन एकदा गेला की गेला. आणि खरा दोष पुष्कळदा लोखंडात नसतोच. तो लाकडात, गंजाच्या खपल्यांत नाहीतर वाळून चिकट झालेल्या तेलात असतो.

लॉक, म्हणजे बार उडवणारी घोड्याची यंत्रणा, उघडण्याआधी एक तपासणी चुकवायची नाही. पातळ लाकडी काठी नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून बघा. टोक कानाच्या, म्हणजे दारूला आग पोचवणाऱ्या छिद्राच्या, बरंच अलीकडे थांबत असेल, तर आत बार भरलेला असू शकतो. काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. अशी बंदूक तापवू नका, ठोकू नका. परवानाधारक कारागिराकडेच सोपवा.

लॉक काढताना घोडा हाफ कॉकवर, म्हणजे अर्धा चढवलेला, हवा. तो खाली पडलेला असेल, तर मुख्य स्प्रिंगचा लांब हात खाली उतरलेला असतो आणि बाहेर येताना लाकडाची कड तोडतो. बाजूचे स्क्रू थोडे सैल करून त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीनं हलकेच टिचकी मारा, लॉकची पट्टी आपोआप वर येते. तिच्याखाली पेचकस खुपसलेल्या बंदुकी लगेच ओळखू येतात. स्क्रूही एकमेकांत मिसळू नका. हातानं पाडलेल्या आट्यांचे हे स्क्रू एकाच्या जागी दुसरा बसत नाहीत. मुख्य स्प्रिंग तर साध्या पक्कडीनं कधीच दाबू नका. त्यासाठी खास शिकंजा मिळतो.

आता नेहमीची तक्रार: घोडा हाफ कॉकवर टिकत नाही. चाप ओढला की सिअर नावाची कळ टम्बलरच्या, म्हणजे घोड्याबरोबर आत फिरणाऱ्या तुकड्याच्या, खाचेतून सुटते, स्प्रिंग टम्बलर फिरवते आणि घोड्याच्या जबड्यातली गार (चकमकीचा दगड) फ्रिझन नावाच्या पोलादी पात्यावर घासून ठिणग्या पाडते. ही खाच झिजली असेल असं आपण लगेच धरून चालतो. आधी लॉक हातात घेऊन घोडा चढवा. बाहेर नीट टिकतो आणि लाकडी दस्त्यात बसवल्यावर घसरतो? मग खाच निर्दोष आहे. सिअरचा हात लाकडाला टेकतोय, किंवा बाजूचे स्क्रू इतके आवळलेत की पट्टी वाकून टम्बलर जखडलाय. स्क्रू अर्धा आटा सैल करून बघा. तरीही फरक नसेल, तर सिअरच्या हाताला काजळ लावा आणि लॉक बसवून काढा. लाकडावर काळा डाग पडेल तीच अडचणीची जागा. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगून हे हमखास होतं. ते कोरायची घाई करू नका, सावलीत काही आठवडे वाळू द्या.

गंज काढायला तारेचा ब्रश लावलेलं मशीन वापरणं हा तर गुन्हाच मानायला हवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांच्या लॉकवर आधी हृदयाच्या आकाराचं आणि पुढे उभ्या सिंहाचं चिन्ह असे. उथळ कोरलेल्या त्या खुणा पॉलिशमध्ये निघून गेल्या, तर बंदूक कुठली हे सांगणारा पुरावाच संपतो. पातळ तेल, अतिशय बारीक स्टील वूल आणि भरपूर सबुरी एवढं पुरतं. जुना तपकिरी थर राहू द्या.

तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं (जामगीनं) बार पेटवणाऱ्या, बंदुकीत वेगळीच फसगत होते. लॉक उघडल्यावर आत भक्कम स्प्रिंग दिसत नाही, म्हणून ती हरवली असं समजून कुणी नवी ठोकून बसवतो. मुळात आपल्याकडच्या बहुतेक तोडेदार बंदुकांत चाप आणि जामगी धरणारा आकडा एका साध्या तरफेनं जोडलेले असतात. जोर बोटाचाच असतो. नळी बांधलेल्या कातडी वाद्याही मूळच्या असू शकतात, त्या कापू नका.

बंदूक पुन्हा उडवण्याजोगी करण्याचा मोह मात्र पूर्ण टाळा. शस्त्र कायदा 1959 मधली जुन्या शस्त्रांची सूट दुरुस्तीनंतरही चालू शकणार नाहीत अशांनाच आहे, त्यामुळे काम हाती घेण्याआधी परवान्याची स्थिती पोलिसांकडे तपासून घ्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्यातही येते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. काम झाल्यावर घोडा खाली उतरवूनच बंदूक ठेवा, म्हणजे स्प्रिंगवर ताण राहणार नाही.