लग्नाच्या ऑर्डरी सांभाळून लँडस्केप कसं करावं : नागपूरच्या फोटोग्राफरसाठी

'रोज पहाटे पाचला उठा आणि निसर्गात जा' असं सांगणाऱ्यांनी एकदा रात्री दीडला बिदाईचे फोटो आटोपून, दोन बॅगा खांद्यावर घेऊन लॉनवरून घरी यावं. मग बोलावं. कॅमेरा तुम्हाला येतो, ट्रायपॉड माळ्यावर पडलेला आहे, हे धरून चालतो. अडचण वेळेची आहे.

१. आधी पंचांग उघडा

आपला धंदा मुहूर्तावर चालतो, म्हणून सुट्टीही पंचांगातच शोधायची. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचा चातुर्मास आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा धनुर्मास, या दोन फटी आपल्या. विदर्भात लँडस्केपलाही नेमका हाच काळ चांगला. चातुर्मासात ढग, भरलेले तलाव आणि पांढऱ्या तुऱ्यांनी लगडलेले साग. धनुर्मासात धुकं. पितृपक्षात तर कोणी दुकानाचं उद्घाटनही ठेवत नाही, पाऊस ओसरत आलेला असतो आणि हवा धुऊन निघालेली असते.

अधिक मासाच्या भरवशावर मात्र राहू नका. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे सुट्टी मिळाली तीही ४५ अंशांत. त्यातच २६ मेच्या सुमारास नागपुरात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली गडप होते. सकाळी सात वाजले की आभाळ पांढरंफटक. त्या महिन्यात झोप भरून काढा.

२. सूर्यास्त सोडा

संध्याकाळ पार्टीची, म्हणजे गिऱ्हाइकाची. प्री-वेडिंगवाल्यांना मावळतीच हवी असते, वरात तेव्हाच निघते, गोरज मुहूर्तही तेव्हाचाच. आपल्या वाट्याला सकाळ येते. जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, जानेवारीत पावणेसातच्याही पुढे. जागेवर ४० मिनिटं आधी उभं राहायचं. फुटाळा आणि अंबाझरीचा बांध या मावळतीच्या जागा, त्यांच्या नादी लागू नका.

३. तारीख अडवा

सगळं अडतं ते इथे. मला ही पायरी जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि आजही फोन वाजला की पोटात गोळा येतो. तारीख मोकळी दिसली की हमखास ऐकू येतं, "भाऊ, लहानसं साक्षगंध आहे, घरच्या घरी. दोन तासांचं काम, करून द्या नं!" दोन तासांत आटोपलेलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मी पाहिलेलं नाही. नऊची वेळ दिलेली असते, नवऱ्या मुलाकडचे साडेअकराला उतरतात. अंगठ्या झाल्या की मावशीला सगळ्या जावांसोबत वेगळा फोटो हवा, मग आत्याला तोच फोटो स्वतःला मधे घेऊन. घरी येईस्तोवर कार्ड भरलेलं असतं आणि पुढचे दोन दिवस त्यातले फोटो निवडण्यात जातात.

यावर उपाय एकच. ज्या डायरीत ऑर्डरी लिहिता त्याच डायरीत, पेननं, पार्टीच्या रकान्यात लिहा : 'रामटेक, पहाटे ५'. पेन्सिलनं लिहिलेलं खोडलं जातंच. फोनवर सांगायचं, "त्या सकाळी ऑर्डर आहे, दुपारी बारानंतर येतो." यापुढे एक शब्दही नाही. 'जरा डोंगराचे फोटो काढायला जातोय' म्हणालात की पार्टीच्या लेखी तुम्ही रिकामे, आणि मग 'डोंगर कुठं पळून चाललाय' हे ऐकून घ्यावं लागतं. हे खोटं बोलणं होतं असं ज्यांना वाटतं त्यांना सांगतो, ऑर्डर आहेच. फक्त बयाणा देणारं कोणी नाही.

अख्खा दिवस अडवू नका. मोठी ऑर्डर आली की तो पहिला मोडतो, आणि मोडलाच पाहिजे, घर त्यावर चालतं. सकाळी दहापर्यंतचाच वेळ धरा. मंगळवार-बुधवार बघा, रविवार धरून ठेवणारा फोटोग्राफर एकतर श्रीमंत असतो नाहीतर लवकरच धंदा बदलतो. जुनं गिऱ्हाईक फारच मागे लागलं तर बरोबरीच्या कोणाला तरी पाठवा आणि पैसे पूर्ण त्यालाच द्या. त्यात कमिशन काढलंत तर पुढच्या वेळी तो येणार नाही.

दुसरा चोर म्हणजे अल्बम. मेमधल्या लग्नाचं सिलेक्शन लोक ऑगस्टपर्यंत करत नाहीत आणि मग दिवाळीच्या आत अल्बम हवा असतो. तुमचा चातुर्मास असा स्क्रीनसमोर जातो. कोटेशनवरच लिहा : सिलेक्शन ३० दिवसांत, नंतर आलं तर अल्बम रांगेत शेवटी. खाली सही घ्या. तोंडी सांगितलेलं सासरच्या मंडळींपर्यंत पोचत नाही.

४. दोनच जागा ठरवा

चिखलदरा म्हणजे मुक्काम आला, तो वर्षातून एकदा. एरवी दहाला दुकान उघडता येईल इतक्याच अंतरावर जा. रामटेक ५० किलोमीटरच्या आत-बाहेर. गडाच्या उतारावरून खाली अंबाळा तलाव, काठची देवळं, हिवाळ्यात पाण्यावर तरंगणारं धुकं. कुही तालुक्यातल्या अंभोऱ्याला वैनगंगेचा संगम आहे, तो जरा लांब पडतो. नोव्हेंबर-डिसेंबरात काटोल-कळमेश्वरकडे आंबिया बहाराची संत्री झाडावर असतात. मालकाला विचारल्याशिवाय बागेत शिरू नका. मार्चमध्ये त्याच रस्त्यांच्या कडेनं पळस पेटलेला दिसेल. दर वेळी नवी जागा शोधणाऱ्याची निम्मी सकाळ गाडी कुठं लावावी यातच जाते.

ड्रोन घरी ठेवा. शहरात विमानतळ आहे आणि फुटाळ्याला लागूनच वायुसेना नगर.

५. लग्नाची सेटिंग उतरवा

कॅमेरा काल रात्रीच्याच अवस्थेत असतो : एफ २.८, आयएसओ ३२००, ऑटो. लँडस्केपची सेटिंग बॉडीवरच्या डायलच्या सी-२ वर, म्हणजे आपली सेटिंग साठवायच्या जागेवर, कायमची भरून ठेवा : एफ ८ किंवा ११, आयएसओ १००, रॉ, दोन सेकंदांचा टायमर. धुक्यात कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि सगळं राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप वर घ्या.

कार्ड वेगळंच हवं, यावर तडजोड नाही. कालच्या लग्नाचं कार्ड दोन ठिकाणी कॉपी झालेलं नसेल तर ते कॅमेऱ्यातून काढून घरी ठेवा.

परतताना चौकात तर्री-पोहे खायला थांबाल, तेव्हाच डायल पुन्हा लग्नाच्या सेटिंगवर, म्हणजे सी-१ वर आणा. दोन सेकंदांचा टायमर तसाच राहिला तर दुपारच्या हळदीत नवरीच्या गालाला पहिला हात लागून जातो आणि कॅमेरा अजून मोजतच असतो.