‘आय अ‍ॅम फ्लेक्सिबल’ म्हणताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या मुलाखतीत शेवटी विचारलं गेलं, ‘आर यू फ्लेक्सिबल ऑन सॅलरी?’ मला वाटलं, स्वभावाबद्दल विचारतायत. मी छाती फुगवून म्हटलं, ‘व्हेरी फ्लेक्सिबल, सर!’ ऑफर लेटर आलं तेव्हा कळलं, पगार कमी करायला मी हसतहसत होकार दिला होता.

शाळेत या शब्दाचा एकच अर्थ पाठ झालेला: लवचिक. योगासनं करणारीचं अंग आणि बागेतला पाइप यांना तो चालतो. पैशांची गोष्ट निघाली की मात्र अर्थ होतो ‘घासाघीस चालेल का?’ दुकानात ‘इज द प्राइस फ्लेक्सिबल?’ हा सरळ भाव करण्याचा प्रश्न. तेव्हा पगाराच्या वेळी आधी आकडा सांगा, मग लवचिकपणा.

भेटीची वेळ ठरवताना ‘आय अ‍ॅम फ्लेक्सिबल’ म्हणजे ‘मला कधीही चालेल, तुम्हीच ठरवा’. दोघंही हेच लिहीत बसले की भेट राहते बाजूला. त्यापेक्षा ‘एनी टाइम आफ्टर थ्री ऑन थर्सडे’ लिहून मोकळं व्हावं.

बायोडेटात हमखास दिसणारी चूक: ‘फ्लेक्सिबल टू वर्क इन एनी शिफ्ट’. हा ‘टू’ ‘रेडी टू’वरून घुसलाय. ‘विलिंग टू वर्क इन एनी शिफ्ट’ किंवा ‘फ्लेक्सिबल अबाउट शिफ्ट्स’ म्हणा.

त्याहून गमतीची चूक म्हणजे ‘आय अ‍ॅम अ‍ॅडजस्टेबल’. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ म्हणणारे आपण, तिथूनच हे आलं असावं. पण अ‍ॅडजस्टेबल असते ती खुर्ची किंवा बॅगेचा पट्टा. माणूस ‘अ‍ॅडाप्टेबल’ असतो.

जाहिरातीतले ‘फ्लेक्सिबल अवर्स’ नीट वाचा. ब्रिटनमध्ये 6 एप्रिल 2024 पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ‘फ्लेक्सिबल वर्किंग’ मागता येतं. तिथे सवलत कर्मचाऱ्याला. ‘मस्ट बी फ्लेक्सिबल’ लिहिलं असेल तर वाकायचं तुम्ही.

‘हिज प्रिन्सिपल्स आर क्वाइट फ्लेक्सिबल’ ही स्तुती नव्हे, टोमणा आहे. त्याला थँक्यू म्हणू नका.

आणि नुसतं ‘फ्लेक्स’? हल्लीच्या पोरांच्या इंग्रजीत त्याचा अर्थ मिरवणं, दंड फुगवून दाखवण्यावरून आलेला. तो मात्र समजवावा लागत नाही. चौकात दादांच्या वाढदिवसाला लागतोच की.