ब्लॅकवॉटर फिशटँक करताना या चुका टाळा

ब्लॅकवॉटर टँक म्हणजे पाल्याने तपकिरी झालेल्या, आम्लयुक्त आणि अगदी कमी क्षारांच्या पाण्याची माशांची टाकी. देशी बदामाची चार सुकी पाने टाकून पाण्याला कोऱ्या चहाचा रंग आला की ब्लॅकवॉटर टँक तयार झाला, असे अनेकांना वाटते आणि तेथूनच बहुतेक चुकांची सुरुवात होते. रंग काय, दोन दिवसांत येतो. अवघड असते ते पाण्यातील क्षार कमी करणे आणि कमीच ठेवणे.

ब्राझीलमधील रिओ नेग्रो नदी ज्या जंगलांतून वाहते, तेथील वाळूच्या जमिनीत खनिजे फार थोडी असल्याने कुजलेल्या पाल्यातील ह्युमिक आम्ले तशीच पाण्यात उतरतात. त्यांची आम्लता मारण्याइतके क्षार त्या पाण्यात नसल्यामुळे त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४ ते ५च्या आसपास राहतो. आपल्या टाकीतील पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल, तर कितीही पाने टाकली तरी रंग गडद होत जातो आणि सामू जागचा हलत नाही. म्हणून पानांच्या आधी केएच, म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेटचे प्रमाण, मोजण्याचे किट आणि विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा टीडीएस मीटर घ्यावा.

नवी मुंबईत महापालिकेचे मोरबे धरणाचे पाणी येते आणि ते तुलनेने मृदू असते. परंतु सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळले गेले की हिशेबच बदलतो. नेरूळच्या आमच्या इमारतीत टाकी सफाईच्या दिवशी टँकर आला होता. नळाच्या पाण्याचा टीडीएस एरवी ९०च्या आसपास असतो. तोच त्या दिवशी ६४०पर्यंत गेला होता, हे मी नंतर मोजले. मोजण्याआधीच नेहमीच्या सवयीने अँटिक्लोरीन टाकून निम्मे पाणी बदलून मोकळा झालो होतो. तासाभरात टाकीतले कार्डिनल टेट्रा जातीचे छोटे मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून उभे राहिले आणि सकाळपर्यंत सहा मासे गेले. पाण्याचा रंग तेव्हाही चहासारखाच होता.

या प्रकाराचे कारण नीट समजून घ्यावे. सामू ६च्या खाली गेला की अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात, त्यामुळे माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया साचत राहतो. मात्र आम्लयुक्त पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात, म्हणजे बऱ्याच कमी विषारी अवस्थेत असतो. अशा टाकीत एकदम जास्त सामूचे पाणी ओतले की त्यातील काही भाग पुन्हा विषारी अमोनिया बनतो. त्यामुळे मासे थोडे ठेवावेत, खाणे बेताचे द्यावे आणि आठवड्याला फार तर १० ते १५ टक्के पाणी, तेही सामू व टीडीएस जुळवूनच, बदलावे. आरओचे पाणी नळाच्या पाण्यात मिसळून क्षार हवे तितके खाली आणता येतात. आरओमधून बाहेर टाकले जाणारे पाणी पाणीबचतीसाठी टाकीत भरणे मात्र उलटेच ठरते, कारण मूळ पाण्यातील क्षार त्यातच एकवटलेले असतात. सामू उतरवणारी बाटलीतील औषधेही टाळावीत. केएच शिल्लक असेपर्यंत सामू पुन्हा वर येतो आणि या चढउतारात मासे खचतात.

क्षार दगडांतूनही येतात. समुद्रावरून आणलेले शिंपले आणि संगमरवराचे खडे हळूहळू विरघळून पाणी कठीण करतात. आपल्याकडचा काळा दगड सहसा चालतो, तरी त्यातील पांढऱ्या शिरेवर व्हिनेगरचे चार थेंब टाकून कान जवळ नेऊन पाहावा. बारीक फसफस ऐकू आली तर तो दगड कुंडीत ठेवावा.

पाने आपल्या दारातच मिळतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत देशी बदामाची झाडे गल्लोगल्ली आहेत आणि थंडी सरताना त्यांची पाने लाल होऊन गळतात. आपोआप गळून सुकलेलीच पाने घ्यावीत. हिरवे पान पाण्यात लवकर सडते. रस्त्याकडेची धूळभरली आणि धूरफवारणी झालेल्या आवारातील पाने सोडून द्यावीत. शंभर लिटरला तीन-चार पाने धुऊन टाकावीत आणि आठवडाभराने पुढची घालावीत. एकाच वेळी मूठभर टाकल्यास जिवाणू वाढून पाणी दुधाळ होते आणि ते ऑक्सिजन ओढून घेतात. चार-पाच दिवसांनी पानावर पांढरट, बुळबुळीत साय धरते. ती पाहून नवखे लोक घाबरून पाने काढून टाकतात. पण ती साय कोळंबी आणि लहान मासे आवडीने खरवडून खातात, आणि शेवटी पानाची केवळ शिरांची जाळी उरते.

चहापत्तीचा उपाय करू नये, तिच्यात कॅफीन असते. फिल्टरमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवल्यास रंग त्यातच अडकतो आणि पाने वाया जातात. गप्पी आणि मोली यांना कठीण पाणीच मानवते, त्यामुळे ते या टाकीत आणू नयेत.

मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत टाकीचे पाणी ३२ अंशांपर्यंत जाते, त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि पाने झपाट्याने कुजतात. तेव्हा पाने निम्मी करावीत, एअरपंप रात्रभर चालू ठेवावा आणि टाकीवरचे झाकण काढून, वर जाळी ताणून, टेबलफॅनचा वारा पृष्ठभागावर सोडावा. पाणी दोनेक अंशांनी उतरते. वाऱ्याने उडालेले पाणी भरून काढताना आरओचेच घालावे, कारण उडते ते केवळ पाणी आणि क्षार मागे टाकीतच राहतात.