रंग शेवटी, आधी चासी ठोकून बघा

आजोबांची जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटलं की सगळ्यांना आधी रंग सुचतो. पण मालवण असो की गुहागर, खारी हवा गाडी आतून खाते.

गाडी जॅकने उचला, खाली भक्कम ओंडके द्या (नुसत्या जॅकच्या भरवशावर आत शिरू नका) आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) छोट्या हातोडीने ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. आत घुसला तर पत्रा कापून वेल्डिंगच. वरून पुटी फासतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. दारांची खालची कड आणि मडगार्डच्या आत तांबडी माती साचून ओल धरते. पाणी निघायची भोकं तारेने मोकळी करा, गोड्या पाण्याने धुवा, कडकडीत वाळवा, वायर ब्रश मारून लगेच झिंक प्रायमर. हे सगळं पावसाच्या आधी. गंज नको म्हणून जळकं (इंजिनातून काढलेलं) ऑइल मात्र फासू नका, सांध्यांतले रबरी बुश फुगतात.

आजोबा हयात नसतील आणि आरसी त्यांच्याच नावावर असेल, तर आरटीओत वारसासाठी फॉर्म 31 असतो. सुट्या भागांवर पैसे घालण्याआधी ते उरका.