बेल्जियन पेल एल चाखताना या चुका टाळा

नाशिकमध्ये बिअर चाखण्याच्या बैठकीला चार माणसे जमली की त्यांतली तीन पेला हातात येताच तो गोल गोल फिरवू लागतात. गंगापूर धरणाच्या बाजूच्या द्राक्षबागांनी आणि वायनरींनी या गावाला लावलेली ही सवय मुळात वाईट नाही. अडचण अशी की वाइनसाठी घोटवलेले सगळे नियम बिअरला लागू पडत नाहीत, आणि क्राफ्ट ब्रुअरीची, म्हणजे छोट्या स्वतंत्र कारखान्याची, बेल्जियन पेल एल हा तर बिअरचा इतका संयत प्रकार आहे की चाखणाऱ्याच्या लहानशा हलगर्जीपणाचे खापरही सहज बनवणाऱ्याच्या माथी फुटते. हौशी मंडळींच्या बैठकांत गुणपत्रिका भरताना त्याच त्या चुका पाहून मी कंटाळलो आहे, म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक पेला ओठांना लागण्यापूर्वीच होते. ‘बेल्जियन’ हा शब्द ऐकला की नवशिक्यांच्या डोक्यात लवंग, केळे, धणे, संत्र्याची साल आणि आठ-नऊ टक्के अल्कोहोल एवढे सगळे एकदम गर्दी करते. यातले धणे आणि संत्र्याची साल विटबिअर या बेल्जियन गव्हाच्या बिअरची, केळ्या-लवंगेचा ठळक मेळ जर्मन गव्हाच्या बिअरचा आणि साडेआठ टक्क्यांचा जोर डुव्हेलसारख्या सोनेरी स्ट्राँग एलचा. बेल्जियन पेल एल ही बेल्जियममधल्या अँटवर्प आणि ब्राबांट भागातली रोजच्या पिण्याची बिअर आहे. तिच्या घडणीत ब्रिटिश हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले) आणि यीस्ट (आंबवणारे किण्व) यांचा वाटा आहे आणि तिचे आजचे रूप दुसऱ्या महायुद्धानंतर पक्के झाले. अँटवर्पमध्ये द कोनिंक ही बिअर ज्या देठाच्या गोलसर पेल्यातून पितात त्याला ‘बोलेके’ म्हणतात, आणि तिथले गिऱ्हाईक बिअरचे नाव न घेता बोलेकेच मागते. इतक्या घरगुती पेयाकडून आतषबाजीची अपेक्षा करणे म्हणजे वरणभाताला मिसळीचा झणका नाही म्हणून नाक मुरडण्यासारखे आहे.

बिअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणाऱ्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत या प्रकाराला ४.८ ते ५.५ टक्के अल्कोहोल आणि २० ते ३० आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) इतका कडवटपणा दिलेला आहे. रंग अंबर ते तांबूस असतो. नाकाला आधी माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) जाणवले पाहिजे, म्हणजे सकाळी बेकरीच्या दारात टोस्टचे ट्रे भट्टीतून बाहेर पडताना येतो तसा खमंग वास. त्याच्या मागून नासपती किंवा संत्र्याकडे झुकणारी फळांची छटा. आणि मिरी-लवंगेची चाहूल असलीच तर अगदी शेवटी, हलक्या पावलांनी. कोणताही एक घटक बाकीच्यांना दाबत नाही हीच या बिअरची खूण आहे. तरीही ‘केळे नाही’ या कारणासाठी सहा-सहा गुण कापलेल्या पत्रिका मी पाहिल्या आहेत. माझी स्वतःची सवय अशी की बाटली उघडण्यापूर्वी या प्रकारात काय अपेक्षित आहे ते तीन ओळींत कागदावर लिहून ठेवायचे. ज्यांना या तीन ओळींचाही कंटाळा येतो त्यांनी खुशाल बिअर प्यावी, पण दुसऱ्याच्या मेहनतीला गुण देण्याच्या फंदात पडू नये.

दुसरी चूक पेल्याची, आणि ती सांगताना मला एका पावसाळी संध्याकाळची आठवण टाळता येत नाही. गंगापूर रोडवरच्या एका बंगल्यात आम्ही सहाजण जमलो होतो. एका मायक्रोब्रुअरीत काम करणारा तरुण स्वतःच्या पाककृतीची पेल एल ग्राउलरमध्ये, म्हणजे बिअर नेण्याच्या मोठ्या बाटलीत, भरून घेऊन आला होता. पेले भरले गेले, नाके आत गेली आणि दोन मिनिटांत पाचजणांच्या पत्रिकांवर ‘औषधी’, ‘बँडेजसारखा’, ‘दवाखान्यातला वास’ असे शेरे उमटले. एकाने तर पन्नासपैकी चौदा गुण देऊन पेन खाली ठेवले. संशय अगदीच अनाठायी नव्हता. बिअर बनवताना वापरलेल्या पाण्यात क्लोरीन राहिले तर त्याचा बिअरमधल्या फिनॉल नावाच्या द्रव्यांशी संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ते अत्यल्प प्रमाणातही नाकाला झोंबतात. पोराचा चेहरा पडला. “काका, पाणी आरओचंच वापरलंय हो,” एवढेच तो दोन-तीनदा म्हणाला.

मी वहिनींकडून एक स्टीलचे फुलपात्र मागून घेतले, पिण्याच्या पाण्याने दोनदा विसळले आणि त्याच ग्राउलरमधली बिअर त्यात ओतली. औषधी वास नाहीसा झाला होता. मग ट्रेमधला एक न वापरलेला, ओला, पालथा पेला उचलून नाकाशी नेला, तर पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभे असल्यासारखे वाटले. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी येते तेव्हा नळाच्या पाण्यात क्लोरीनचा हात सढळ असतो. त्या पाण्याने धुतलेले पेले न निथळता फडक्यावर पालथे घातल्यामुळे तो वास आत कोंडून राहिला होता. पेले बदलून पुन्हा चाखल्यावर त्याच बिअरला सरासरी चौतीस गुण मिळाले. चौदा गुण देणाऱ्या गृहस्थांनी आधीची पत्रिका हळूच घडी करून खिशात घातली, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

तेव्हापासून रिकाम्या पेल्याचा वास घेतल्याशिवाय मी बिअर ओतू देत नाही, मग यजमानांना राग आला तरी चालेल. औषधी वास आलाच तर आधी पेला बदलावा, मग बाटली बदलावी, आणि दोन्हींतही तो टिकला तरच बनवणाऱ्याच्या पाण्याकडे बोट दाखवावे. पेले साध्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने विसळावेत, शेवटचे पाणी पिण्याचे असावे आणि जाळीवर निथळू द्यावेत. स्वयंपाकघरातल्या हळदीच्या फडक्याने ते पुसणारा माणूस माझ्या बैठकीला पुन्हा येत नाही. तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला तर फेस पटकन बसतो आणि बुडबुडे काचेच्या भिंतीला चिकटून राहतात. म्हणून ‘फेस टिकत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी काचेकडे एकदा नीट पाहावे. डांबरगोळ्या ठेवलेल्या कपाटातल्या क्रॉकरीविषयी तर बोलायलाच नको.

थंडीची चूक तितकीच जुनी आहे. मे महिन्याच्या उकाड्यात फ्रीझरमधून काढलेली, काचेला बर्फ धरलेली बाटली आकर्षक दिसते हे मान्य, परंतु दोन अंशांवर माल्टही गप्प आणि फळांची छटाही गप्प. उरतो तो कार्बन डायऑक्साइडचा चटका. त्यावर ‘फिकी आहे’ असे लिहिणारा माणूस बिअरचे नव्हे, आपल्या फ्रीझरचे वर्णन करत असतो. ही बिअर साधारण ७ ते १० अंशांवर चाखावी. डिसेंबरात मी बाटली फ्रीजमधून वीस मिनिटे आधी बाहेर ठेवतो, मे महिन्यात सहा-सात मिनिटे पुरतात. घाईत असाल तर पेला दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटे बोलत बसावे आणि पुन्हा वास घ्यावा. गार असताना लपलेले दोषही याच वेळी बाहेर येतात, त्यामुळे पहिल्या घोटावर गुण लिहून मोकळे होणाऱ्यांची मला कीव येते.

वाइनच्या सवयींपैकी घोट थुंकण्याची सवय बिअरच्या बैठकीत घरी ठेवावी. घोट गिळल्यावर घशाच्या मागून नाकात चढणारा वास आणि त्यानंतर रेंगाळणारा कडवटपणा यांच्याशिवाय पेल एलचा शेवट कळत नाही. ओतायचेच ६० ते ९० मिलिलिटर असल्यामुळे थुंकण्याची गरजही पडत नाही. काचेवरून ओघळणाऱ्या रेघाही शोधू नयेत, इथे पाहायची ती काचेवर मागे राहणारी फेसाची जाळी. आणि वाइनमध्ये ज्या आंबटपणाचे कौतुक होते तो या बिअरमध्ये दोष धरला जातो.

चाखण्यापूर्वी मिसळ, चिवडा, मसाला शेंगदाणे यांना हात लावू नये; साधा पाव आणि पाणी पुरेसे आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात ठेवू नये, भरलेला पेलाही ठेवू नये, कारण उजेडाने हॉप्समधले घटक फुटून उग्र, गांजाच्या वासाकडे झुकणारा दुर्गंध काही मिनिटांतच तयार होऊ शकतो. अत्तर लावून येऊ नये. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधले तारे आधी पाहून मग चाखणाऱ्यांनी पेला तसाच खाली ठेवावा, त्यांचे मत तयारच असते.

दोषांची नावे परदेशी पुस्तकांतून पाठ करण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या वासांशी जोडून घ्यावीत. जुन्या, हवा लागलेल्या बिअरला ‘ओल्या पुठ्ठ्याचा’ वास येतो असे लिहिलेले असते. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउसबाहेर अवकाळी पावसाने भिजलेल्या पेट्यांचा ढीग ज्याने हुंगला आहे त्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. डीएमएस या द्रव्याचा वास म्हणजे उकडलेले मक्याचे कणीस, असिटाल्डिहाइडचा म्हणजे कच्चे हिरवे सफरचंद.

गुणपत्रिकेत वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकंदर प्रभावाला १० गुण असतात. बिअर थोडी धूसर आहे यावर पंधरा मिनिटे वाद घालणारे तीन गुणांसाठी भांडत असतात आणि तोवर वीस गुणांची चव पेल्यात कोमट होत जाते. ‘आवडली नाही’ हा शेरा बनवणाऱ्याच्या काहीही कामाचा नाही.

लोण्याच्या वासाबाबत मात्र विशेष सांभाळावे, कारण टोस्टसारखे माल्ट आणि सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नवरचे लोणी यांची गल्लत जाणकारही करतात. टोस्टचा वास कोरडा असतो. लोण्याचा वास देणारे द्रव्य म्हणजे डायअसिटिल, ते जिभेवर बुळबुळीत, तेलकट थर ठेवतो. हा दोष बहुधा अधीर बनवणाऱ्याचा असतो: आंबवण शेवटाला आले असता आणखी दोन-तीन दिवस थोड्या उबदार तपमानात राहू दिले तर यीस्ट हे द्रव्य स्वतःच शोषून घेते, पण टाकी रिकामी करण्याची घाई असलेल्यांना ते दोन दिवस जड जातात. तरीही टॅपवरून ओतलेल्या बिअरला हा वास आला तर लगेच निकाल देऊ नये, कारण न धुतलेल्या नळीत वाढलेले जिवाणूही नेमका हाच वास देतात. त्याच बिअरची बाटली किंवा दुसऱ्या नळीवरचा पेला मागवून शेजारी ठेवावा. तो स्वच्छ निघाला तर पत्रिका कोरी ठेवावी आणि काउंटरवरच्या मुलाला नळी शेवटची कधी धुतली होती ते विचारावे.