सोलापुरात अर्धा दिवस असेल तर
अक्कलकोटला किंवा तुळजापूरला जाता-येता सोलापुरात अर्धाच दिवस हाताशी असेल, तर शहरभर रिक्षा फिरवण्यापेक्षा सिद्धेश्वर तलावाचा परिसर गाठावा, म्हणजे तलावातील मंदिर आणि त्याला लागूनच असलेला भुईकोट किल्ला एकाच फेरीत पाहून होतात. उन्हाळ्यात हे सकाळी लवकर उरकावे. इथले ऊन पाहुण्यांचीही भीड ठेवत नाही. उरलेला वेळ चादरीसाठी राखावा आणि दुकानात घडी पूर्ण उलगडून दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण जकार्ड मागावरच्या चादरीत नक्षी विणलेली असल्यामुळे तीच आकृती मागच्या बाजूला रंग उलटून दिसते, तर छापील नक्कल मागून फिकट पडते. शेंगाचटणी कुटलेली, तेल सुटलेलीच घ्यावी.